शून्य पेट्या

ग्रिम्सबीच्या गोदीवर पहाटे पाचला
ग्लेनिस हातमोजे काढत नाही.
तिचं गाऱ्हाणं एवढंच होतं:
रिपोर्ट तयार झाला की तुझा प्रोग्रॅम खिडकी उघडून
छापू का म्हणून विचारतो.
छापायचा नसता तर तयार कशाला केला असता, बाई?

खरं होतं.
मी खिडकी काढून टाकली.
प्रिंटरचं नाव थेट कोडात लिहिलं,
प्रत एक, ट्रे दुसरा,
कारण पहिल्या ट्रेमधले कागद खाऱ्या दमट हवेनं
वाळत घातलेल्या पापडासारखे कडांना वळतात.
आता ती कोपरानं एक बटण दाबते
आणि भिंतीपलीकडे, जिथे बर्फ फोडतात,
एक करडं यंत्र घसा खाकरतं.
मग बोटीमागून बोट बाहेर येते,
कॉड किती, हॅडॉक किती,
पेट्या किती, भाव काय.
कुणी काही विचारत नाही.

चाचणीला मी माझंच नाव पाठवलं होतं, वैजयंती.
प्रिंटरपाशी देवनागरी नव्हती.
एका ओळीत सात रिकामे चौकोन आले.
मात्रेला एक, वेलांटीला एक,
अनुस्वाराच्या टिंबालासुद्धा स्वतंत्र.
ग्लेनिसनं चष्मा कपाळावर सरकवला.
"सात पेट्या. कशाच्या?"
मी म्हटलं, अजून उतरवल्या नाहीत.

तर ती हेस्टर ॲन.
बोट भंगारात जाऊन अकरा वर्षं झालेली,
मासे आता कंटेनरमधून येतात आइसलंडहून,
पण यादीतून तिचं नाव कुणी खोडलं नव्हतं.
रोज तिचाही एक कागद निघायचा,
वर नाव, तारीख,
खाली शून्य.
मला ती उधळपट्टी दिसली.
पेट्या शून्य असतील तर छापू नये,
एवढीच अट घातली, दीड ओळीची,
आणि महिन्याला किती कागद वाचले
ते साहेबांना कळवूनही टाकलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे फोन.
"अल्फ पिंचबेक उभा आहे. त्याचा कागद आला नाही."
कोण अल्फ?
"हेस्टर ॲनचा. साडेपाचला येतो.
कागद नेतो आणि पाठीमागं सामानाची यादी करतो.
दूध, सेल, मांजरीचं खाणं."
मी अंथरुणातूनच म्हटलं,
मग ट्रेमधला एखादा कोरा दे की.
पलीकडे कुणीतरी बर्फ ओतत होतं,
त्या आवाजात ती जरा थांबली.
"दिला. घेतला नाही.
म्हणाला, हा तर कोरा आहे."

मी उठले. दिवा लावला.
लिंकनमध्ये अजून काळोख होता,
समोरच्या घराच्या छपरावर हिव पडलेलं.
अटीखाली अट लिहिली:
पेट्या शून्य असतील तर छापू नये,
बोट हेस्टर ॲन असेल तर छापावं.
वाईट कोड.
अशी ओळ नव्या पोरानं लिहिली असती
तर मी त्याला बसवून ऐकवलं असतं.
वर टीप टाकली, मराठीतच,
ही ओळ काढू नये, आधी ग्लेनिसला विचारावं.
पुढे कुणी हे उघडेल
तेव्हा त्याच्या पडद्यावर तीही कदाचित
चौकोनांची रांग दिसेल.
दिसू दे. पेट्या मोजता येतील.

सहा वाजता ग्लेनिसचा निरोप आला.
कागद निघाला, पण फिकट.
टोनर संपत आलाय.
तिनं तो काढून दोनदा हलवला
आणि पुन्हा बसवला.
अल्फ म्हणाला, चालेल,
शून्य वाचता येतंय.